माउसशिवाय चालून दाखवा

मी एक जुनी टॅब कळ आहे. कीबोर्डच्या डाव्या कडेला राहते. खाली कॅप्स लॉक राहतो. त्याला अक्षरे मोठी करण्यापलीकडे काही येत नाही, तरी त्याला स्वतःचा दिवा आहे. मला नाही. असो.

मित्रांनो, कारखान्यात माझ्यावर दोन बाण छापले होते. हा कीबोर्ड ज्यांचा, त्या मावशींच्या करंगळीने ते कधीच पुसले. मावशी इतिहास शिकवत. पुढे दृष्टी गेली, तेव्हापासून माउस त्यांच्या काही कामाचा नाही. मला एकदा दाबले की मी पानावर एक पाऊल पुढे जाते, आणि संगणकातला आवाज सांगतो, 'नाव लिहा', 'शोधा, बटण'. नीट बांधलेल्या पानावर मी मावशींना कुठेही नेते. "घरात एवढी एकच सांगितल्याप्रमाणे वागते," असे त्या ताईंना, म्हणजे थोरल्या बहिणीला, ऐकवत.

मावशींना खून लागतात. विषाने, सुरीने, कसेही चालतात. वाचनालयातून त्या अशी बोलकी पुस्तके फोनवर मागवत आणि कानाला हेडफोन लावून ऐकत. ताईंना याचा पत्ता नव्हता. ताईंनी पुस्तके निवडली असती तर थोरांची चरित्रेच आली असती.

मग वाचनालयाने फोनवरची मागणी बंद केली. यापुढे सगळे वेबसाइटवर. ती बनवली मावशींच्या भाच्याने. तो मोठ्या हौसेने दाखवायला आला.

"मावशी, रंग असे जमलेत ना, माणूस बघतच राहील!"

"मग बघणाऱ्यांना बोलव. मला पुस्तक हवंय."

त्यांनी मला दाबले. आवाज म्हणाला, 'चित्र.' कसले? माहीत नाही. पुन्हा 'चित्र.' मग 'रकाना.' नावाचा की पत्त्याचा, देव जाणे. लालभडक 'मागवा' तर मला लागलेच नाही. ते बटण नव्हतेच; बटणासारखा रंगवलेला चौकोन होता, फक्त माउसला ओळखणारा. भिंतीवर दार रंगवायचे आणि पाहुण्याला म्हणायचे, या आत!

"त्यात काय, मी मागवून देत जाईन. बोल, कुठलं पुस्तक?"

"हो, सांग ना गं," दारातून ताई म्हणाल्या.

मावशींचे कान लाल झाले. त्यांनी चाचपडत माउसची वायर उपटली आणि माउस मांडीवर घेतला.

"माझं राहू दे. तू तुझ्यासाठी मागव. हिच्यावर बोट ठेव."

भाचा हसत बसला. दोनदा दाबले, चारदा दाबले. डोळे ठणठणीत, तरी म्हणाला, "मी आहे कुठे?"

मित्रांनो, मी उभी असते त्या जागेभोवती पानावर एक चौकट उमटते. या पठ्ठ्याने ती पुसून टाकली होती. "बरी दिसत नव्हती," तो पुटपुटला. बरी दिसत नव्हती! मी काय सजावटीला उभी होते? त्याने दारावरची घंटा बडवावी तसे मला बडवले. मी प्रत्येक वेळी इमानाने पाऊल टाकले. त्याची अब्रू झाकणे हे माझे काम नव्हे.

"माउस दे ना, मावशी."

"नाही."

"मग मी काय करू?"

"मला करायला लावणार होतास तेच. कुणाला तरी विचार."

भाच्याने लॅपटॉप उघडला. चौकोनाच्या जागी खरे बटण आले, रकान्यांना नावे मिळाली, चित्रांना वर्णने. माझी चौकट परतली, जाड आणि निळी. एकही रंग कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला, "ती निळी चौकट डोळ्यांना टोचते हो."

"टोचू दे," भाचा म्हणाला.

त्या दुपारी मावशी आणि मी 'मागवा'पर्यंत पोहोचलो.

"काय मागवलंस गं?" ताईंनी विचारले.

"माझं मी मागवलं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही वेबसाइट बनवाल. रंग हवे तेवढे ओता. पण लोकांपुढे ठेवण्याआधी माउस बाजूला सारा आणि मला दाबा. मी अडले, तर सौंदर्याच्या गोष्टी मला सांगू नका. मी बोटाच्या पेराएवढी आहे. पण तुमचे पान पास की नापास, ते मीच ठरवणार.