नवव्या प्रकरणावर कोण अडकलंय?

शिवणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, कान मोकळेच. म्हणून कपडे उसवून नीट करून देणारी ही टेलरबाई दुकानात बसल्या बसल्या फोनवर कादंबऱ्या ऐकायची. सध्या चालू होती ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू बायकांची. डोंगरावरचं गाव, विहिरीवर भांडणाऱ्या जावा, जात्यावर बसून नवऱ्यांची उणीदुणी काढणाऱ्या सासवा. हिला वाटायचं, या तर आपल्याच जिन्यावरच्या बायका.

पण भानगड वेगळीच झाली. काल बाराव्या प्रकरणात थांबवलेली गोष्ट आज नवव्यापासून सुरू होई. एकदा झालं, तिनं ॲपला शिव्या घातल्या. चारदा झालं, तेव्हा मनात पाल चुकचुकली. खातं एकच, घरातला जुना टॅब्लेटही त्यावरच चाले. म्हणजे घरात कुणीतरी रोज नववं प्रकरण ऐकत होतं. आणि नवव्यात काय, तर नवरा लेखनिक बोलावतो, दोन साक्षीदार बसवतो आणि बायकोच्या हातात सोडचिठ्ठी ठेवतो. 'तू आता मोकळी.'

हातातली पँट हातातच राहिली. हिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीला, पाळी संपवून दुपारी घरी असायचा. हल्ली बोलायचाही कमी. 'काय झालं?' म्हटलं की 'काही नाही.' काही नाही म्हणणाऱ्याच्या पोटात बरंच काही असतं, एवढं तिला बारा वर्षांच्या संसारात कळलं होतं. जेवताना ती त्याच्या तोंडाकडे बघत बसे. हा मला सोडणार, आणि रीत शिकतोय ती माझ्याच पुस्तकातून! मेल्याला स्वतःचं पुस्तकसुद्धा मिळालं नाही.

शेवटी तिनं विचारलंच. "नववं प्रकरण पाठ झालं का?"

"कसलं प्रकरण?"

"सोंग नको. कागद कधी देतोयस?"

तो असा बघत राहिला की तिचाच धीर सुटला. "अगं, टॅब्लेट आठवडाभर आईच्या खोलीत आहे. तिला वाचायला दिसत नाही, म्हणून मीच लावून दिला. मी कशाला ऐकू? कामावर रोज डोकं उठतं, तेवढं पुरे."

तिचा जीव भांड्यात पडला. मग स्वतःचाच राग आला, आणि त्या रागातच ती सासूच्या खोलीत गेली. सासरे फिरायला गेले होते. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली त्यांची, आणि बायकोशी पन्नास वर्षं एकच वाक्य बोलले: तुला काय कळतंय. सासू मांडीवर टॅब्लेट घेऊन नववंच ऐकत होती.

"आई, पुढं लावता येत नाही का?"

"येतं की." सासूनं आवाज बंद केला. दाराकडे बघितलं. "भीती वाटते गं. कागद मिळाल्यावर ती बाई राहते कुठं?"

"बहिणीकडे. अकराव्यात आहे."

"मला तर बहीण नाही."

सून पलंगाच्या कडेवर टेकली. मग ती हळूच म्हणाली, "दुकानामागची खोली रिकामी आहे."

सासूनं जरा विचार केला. "तिथं उजेड येतो का?"