तातोबांची ओ

तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमधली तीन नंबरची खोली संक्रांतीपासून लांबत चालली होती, आणि तिथले हमाल तातोबा नलवडे हिमबिबट्या होत चालले होते. खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बेदाणा जास्त मावू लागला होता. बोलणं झालं ते तातोबांबद्दल, कारण शेपूट अंगाएवढं लांब होतं आणि दारात अडकायचं.

"स्वेटर द्या म्हणून तुम्हीच मागं लागला होतात," मॅनेजर भस्मे म्हणाले. "आता अंगचाच आलाय."

खोटं नव्हतं. तळव्यांना दाट केस फुटले, बर्फात पाय रुतेना. रुंद नाकातून जाता जाता हवा कोमट व्हायची. निजताना शेपूट तोंडावर ओढलं की मफलर नको. खोलीच्या टोकाला बॉक्स संपून डोंगराचे कडे लागत, तिथे तातोबा हालचाल न करता बसत. फक्त बेदाणा गळ्याखाली उतरेना, आणि घरची आठवण जाईना.

माल भरून झाला. तीन नंबरचं दार श्रावणापर्यंत लावायचं ठरलं. लावण्याआधी हाळी द्यायची, हा नियम. ओ आली तर आत माणूस आहे; नाही आली तर बेदाणा आहे.

"तातोबाऽऽ!" भस्मे ओरडले.

या जनावराला डरकाळी फोडता येत नाही. तातोबा नाकातून फुरफुरले आणि कड्याकड्यानं दाराकडे निघाले. दार अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं.

"कुणी नाही," भस्मे म्हणाले.

"हाईत सायेब," तातोबांची बायको अनसूया म्हणाली. "आणते म्या."

"आणा. पण गारवा बाहेर घालवणार नाही मी."

तिनं घोंगडं डोक्यावरून घेतलं, भाकरीचा डबा काखेत मारला आणि आत शिरली. दार मागून लागलं.

ती कड्याखाली पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. त्या जातीच्या जनावराची हीच जेवणाची वेळ. तातोबांनी तिला वरूनच ओळखलं. घरचं माणूस दिसलं, जीव भांड्यात पडला. वारा तिच्याकडून येत होता. त्यात भाकरीचा वास नव्हता. घोंगड्यातल्या मेंढीचा होता.

"अवं, कुठं हायसा?" त्यांच्याकडे पाठ करून ती दगडावर टेकली. "ओ द्या की! घरला जाऊया."

तातोबांनी तोंड उघडलं. पोट आपोआप खडकाला टेकलं, मागचे पाय अंगाखाली गोळा झाले, शेपूट तोल धरून ताठ झालं.

खाली अनसूयेनं ओ नीट ऐकू यावी म्हणून घोंगडं मानेवरून खाली सारलं.