नावानं हाक मारणारे महाराज

माळावर महाराजांच्या पत्र्याच्या मांडवात दीडशे माणसं बसली होती. समोरची गादी रिकामी होती, पण तिकडं कुणाचं लक्षही नव्हतं. जो तो आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, कारण अंतर्नाथ महाराज त्या घटकेला दीडशे मोबाइलमध्ये एकदम बसले होते आणि दीडशे जणांशी निरनिराळं बोलत होते.

माझ्या पुढ्यात मढ गावाहून आलेली एक बाई होती. तिनं खांबावर चिकटवलेला कोड स्कॅन केला. पडद्यावर महाराज आले, डोळे मिटलेले. खाली ओळ उमटली, 'नाव लिही, बाळा.' तिनं अडखळत लिहिलं, शीला. महाराजांनी सावकाश डोळे उघडले.

"ये शीला. फार उशीर केलास. मी तुला बघतोय. तुझ्या डोळ्यांतून थेट तुझ्या काळजात उतरलोय."

बाईनं पदर डोक्यावर घेतला. मग पडद्यावर महाराजांच्या शेजारी माणसाच्या शरीराचं चित्र आलं. दुखतं तिथं बोट ठेव, असा आवाज आला. तिनं गुडघ्यावर बोट टेकलं आणि पडद्यातल्या महाराजांनी कळवळून स्वतःचा गुडघा धरला. शेजारचा म्हातारा हात जोडून पुटपुटला, "हिचं दुखणं त्येंनी वडून घेतलं बघा." बाई रडत होती.

मी मागच्या बाजूला उभी राहून हे बघत होते. मला त्या वेळी लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटत होता, कारण तो चमत्कार मी केला होता.

माझं नाव वैजयंती. गाव निरगुडसर. नारायणगावात माझं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. द्राक्षबागेत पर्यटक आणणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी मी पूर्वी एक व्हिडिओ केला होता. त्यात घडावर बोट ठेवलं की शेतकरी त्या वाणाची माहिती सांगायचा, वाटेवर बोट ठेवलं की पुढच्या बागेत घेऊन जायचा. बघणाऱ्यानं निवडायचं आणि त्याच्या निवडीप्रमाणे पुढचा तुकडा लागायचा, एवढंच त्यातलं तंत्र. बघणाऱ्याला मात्र वाटतं, समोरचा माणूस आपल्याशीच बोलतोय.

तो व्हिडिओ बघून सुनील माझ्याकडं आला. तो महाराजांचा पट्टशिष्य. महाराजांना रोज इतक्या भक्तांना भेटणं जमत नाही, तेव्हा त्यांच्या वेबसाइटवर असंच काहीतरी करून द्या, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. आमच्या भागात असलं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं आणि ते मला दाखवून द्यायचं होतं.

दोन दिवस शूटिंग चाललं. लोकांच्या काळजात उतरणाऱ्या महाराजांना समोरचा कागद चष्म्याशिवाय दिसत नव्हता आणि चष्मा लावला तर तेज कमी होतं, असं सुनीलचं मत होतं. म्हणून प्रत्येक वाक्य तो आधी वाचायचा आणि महाराज मागून म्हणायचे. नावांची यादी माझी होती. जुन्नर-आंबेगावच्या मतदार याद्या चाळून मी नेहमीची तीनशे चाळीस नावं काढली. महाराजांनी ती सगळी एकेक करून उच्चारली. यादीत नसलेलं नाव कुणी लिहिलं, तर 'ये माझ्या लेकरा' असा तुकडा लागणार होता.

जुन्या बायकांची नावं कमी वाटली म्हणून काही मी माझ्या मनानं घातली. त्यातलं एक होतं बानूबाई. मी लहान असताना दर उन्हाळ्यात बानूबाईची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला यायची. तिच्या पालावर मी कितीतरी वेळा भाकरी खाल्ली होती. पुढं तिच्या मुलानं, दादाभाऊनं, आळे गावाजवळच्या वस्तीवर घर बांधलं, मेंढरं विकली आणि तिचं येणं थांबलं. पंधरा वर्षांत मी तिला भेटले नव्हते. तरी यादी करताना ती आठवली आणि मी मायेनं तिचं नाव लिहिलं.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की महाराजांच्या मागं भिंतीवर घड्याळ आहे. तुकडे मागंपुढं लागले की काटे उड्या मारणार. मी ते काढायला लावलं. सुनील खूश झाला. "बरं झालं ताई, लोकांच्या ध्यानात आलं असतं," तो म्हणाला. काय ध्यानात आलं असतं, हे मी विचारलं नाही. मला ते कळलं होतं.

आणि मग तो प्रश्न होता. 'औषध चालू आहे का?' खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. 'होय' दाबलं की महाराज म्हणणार, "औषधानं तुझं दुखणं झोपलंय, बाळा. झोपलेल्याला बाहेर कसं काढू? एकवीस दिवस औषध बाजूला ठेव." हे वाचून मी सुनीलला म्हटलं, की हे बरोबर नाही. तो म्हणाला, श्रद्धेचा विषय आहे, कोण एवढं मनावर घेतं? शेवटी आमचं असं ठरलं, की पानाच्या तळाशी 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' अशी ओळ टाकायची. ती मी टाकली. फिक्या राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि 'होय'चं बटण त्या तुकड्याला जोडून दिलं.

दोन महिन्यांनी आईचा निरोप आला, की बानूबाई भाजली आहे आणि सरकारी दवाखान्यात आहे. मी गेले.

तिचा डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर आरती तिथंच होत्या. त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. बानूबाईला फिट यायच्या. आठ वर्षं ती रोज गोळी घेत होती आणि आठ वर्षांत एकही फिट आली नव्हती. महिन्याभरापूर्वी तिनं गोळी एकदम बंद केली. पंधराव्या दिवशी सकाळी चुलीवर पाणी तापवत असताना फिट आली आणि ती चुलीवरच पडली. हात निखाऱ्यांत गेला. घरात तेव्हा कुणी नव्हतं.

"गोळी का बंद केली?" मी विचारलं.

"कुठल्या तरी महाराजानं मोबाइलमधून सांगितलं म्हणे," डॉक्टर म्हणाल्या.

मी आत जाऊन बानूबाईच्या उशाशी बसले. तिनं मला ओळखलं. महाराजांविषयी तिच्या मनात राग नव्हता. आपलीच भक्ती कमी पडली, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, बानूबाई, मोबाइलमधल्या माणसावर तू कसा विश्वास ठेवलास?

"नावानं हाक मारली गं त्येंनी," ती म्हणाली. "बानूबाई, म्हनले. मला कोन वळखतं आता? जलम रानात गेला. येवड्या मोठ्या मानसाला माजं नाव ठावं व्हतं."

मला तिथं बसवेना. मी बाहेर आले, तर तिची नात संस्कृती बाकावर बसली होती. सहावीत शिकणारी पोर. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, की आजीला लिहिता येत नाही म्हणून नाव तिनंच टाकलं आणि औषधाचं 'होय'ही तिनंच दाबलं. मग म्हणाली, "ताई, महाराज खोटं हायेत. दुखणं कुठं, असं विचारतात ना, तवा मागच्या भिंतीवर पाल येती आन फोटोमागं जाती. आजीच्या येळंला आली. मी माजं नाव टाकलं तवा पन आली. रोज येती. मी पप्पांना सांगितलं, तर वरडले मला."

घड्याळ मी काढलं होतं. पाल मला दिसली नव्हती. तुझी काही चूक नाही, असं मी तिला म्हटलं. ती कुणाची आहे, हे मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते सगळ्यात वाईट. घरी येऊन मी गुपचूप ती वेबसाइट बंद केली. कुणाला काही न सांगता प्रकरण मिटेल, असं मला वाटलं. सुनीलचे फोन आले, मी उचलले नाहीत. चार दिवसांनी डॉक्टर आरतींकडून कळलं, की माळावर निराळीच बातमी पसरली आहे. बानूबाई एकवीस दिवसांच्या व्रतातून अर्ध्यावर दवाखान्यात गेली, म्हणून महाराजांनी कोपून डोळे मिटले आणि सगळ्यांचे मोबाइल बंद पडले, असं सुनील लोकांना सांगत होता. वस्तीवरच्या बायका दादाभाऊच्या दारावरून जाताना तोंड फिरवत होत्या. दवाखान्यात पडलेल्या बानूबाईनं परत गोळी घ्यायला नकार दिला होता.

तेव्हा मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग?"

रविवारी सकाळी वस्तीवरच्या देवळात माणसं जमली. डॉक्टरांनी बोलावलं म्हणून आली होती. बानूबाईला दादाभाऊनं गाडीतून आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. सुनीलही चार भक्त घेऊन आला होता. मी लॅपटॉप तिथल्या टीव्हीला जोडला, त्यात ठेवलेली वेबसाइटची प्रत चालू केली आणि महाराज पडद्यावर आले. काही जणांनी हात जोडले.

मी सोमाजीबाबांना पुढं बोलावलं. ऐंशीचे, पांढऱ्या झुपकेदार मिशा, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. त्यांना मी लॅपटॉपसमोर बसवलं, कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि संस्कृतीला म्हटलं, आजीचं नाव टाक. तिनं टाकलं.

"ये बानूबाई," महाराज सोमाजीबाबांच्या मिशांकडं बघत म्हणाले. "मी तुला बघतोय."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. संस्कृतीनं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, आता पाल येईल. पाल आली आणि फोटोमागं गेली. तिनं नाव बदललं, दुखणं बदललं. पुन्हा पाल आली. पाचव्यांदा ती येण्याआधी लोकच बोट दाखवायला लागले.

सुनील उठून म्हणाला, की यंत्र हे निमित्त आहे, महाराज त्यातून प्रत्यक्ष बोलतात. मग मी मूळ शूटिंगचा तुकडा लावला, न कापलेला. त्यात सुनीलचा आवाज येतो, "बानूबाई." महाराज म्हणतात, "काय? भानूबाई?" "बानू, बानू." महाराज हसतात. "असली नावं ठेवतात अजून? बरं. ये बानूबाई. झालं? पुढचं बोल. आणि तो पंखा लावा जरा."

बानूबाई टीव्हीकडं बघत राहिली. सुनील आणि त्याचे भक्त चपला शोधायला लागले.

सोमाजीबाबांनी विचारलं, "म्हंजी त्यो आपल्याला बघतच न्हाई?"

"नाही बाबा. त्याला चष्म्याशिवाय समोरचा कागदही दिसत नाही." मी सगळं उलगडून सांगितलं. नावं मतदार यादीतली. प्रत्येक बटणामागं आधीच बोलून ठेवलेलं वाक्य. गुडघा, पोट, डोकं, सगळ्यांसाठीचं कळवळणं एकाच दुपारी शूट केलेलं.

दादाभाऊ उभा राहिला. तो आवाज न चढवता म्हणाला, "ताई, औषध बंद कर म्हननारं बटन कुनी लावलं?"

"मी लावलं."

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो. माहीत होतं."

तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं. आला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि त्यानं तोंडावर टॉवेल धरला. बानूबाईनं मला जवळ बोलावलं.

"माजं नाव तूच दिलं व्हतंस व्हय?"

मी मान हलवली.

"येवडी याद व्हती माजी, तर घरी यायचं व्हतंस, वैजे. हाक मारायला."

नंतर डॉक्टर आरतींनी फिट म्हणजे काय, मेंदूत काय होतं, गोळी रोज का लागते आणि ती एकदम थांबवली की काय होतं, हे साध्या शब्दांत सांगितलं. आणखी तीन बायकांनी आणि एका पुरुषानं कबूल केलं, की त्यांचीही औषधं बंद आहेत. त्या दुपारी चौघंही दवाखान्यात गेली. बानूबाईनं गोळी सुरू केली. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं आता उघडत नाहीत, उघडणारही नाहीत.

सगळं शूटिंग मी पोलिसांना दिलं. जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, तुमचं नाव साक्षीदारात लिहू की आरोपीत? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आहे. महाराज सध्या दौऱ्यावर असल्याचं सांगतात. माळावर अजूनही माणसं जातात, पण पूर्वीइतकी नाहीत.

आता मी आसपासच्या शाळांत जाते आणि असा व्हिडिओ कसा बनतो ते मुलांसमोर बनवूनच दाखवते. मुलांना ते अर्ध्या तासात कळतं. त्यांना जे सांगते तेच तुम्हालाही सांगते. पडद्यावरचा कुणी तुमचं नाव घेऊन बोलला, तर एकदा मुद्दाम खोटं नाव लिहून बघा. कॅमेरा झाका आणि त्याला विचारा, माझ्या हातात काय आहे. तेच तेच पाच वेळा करून बघा. जो खरोखर बघतोय, त्याचं बोलणं बदलेल. आणि औषध बंद करायचं मनात आलं, तर ज्या डॉक्टरनं ते दिलं त्यालाच जाऊन विचारा. शंका घेणं हे पाप नाही. संस्कृतीची शंका घरात कुणी ऐकली असती, मी माझीच ऐकली असती, तर एक हात वाचला असता.

हे शहाणपण मला उशिरा आलं, आणि त्याची किंमत मी दिलेली नाही. ती बानूबाईनं दिली.