विहिरीवरची गाडी

लेक सव्वा महिन्याची झाली आणि घरात विहिरीची अडचण उभी राहिली.

बाळंतीण पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडते ती विहीर पुजायला. हळद-कुंकू, पाच खडे, घुगऱ्या, नारळ. देवगाव रंगारीत वैदेहीच्या आईनं पुजली, आजीनं पुजली. आणि उस्मानपुऱ्यातल्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर सासूबाईंनी, दमयंतीबाईंनी, तिच्यापुढं पाट मांडून वर पाण्याचा निळा जार ठेवला. फिल्टरवाल्याचा. पोटावर त्याचा मोबाइल नंबर आणि जारचा दर.

"ह्याला कुंकू लावू?"

"जल ते जलच," सासरे दत्तोपंत पेपराआडून म्हणाले. "भाव महत्त्वाचा."

"भाव तर छापलाय की त्याच्यावर, बाबा."

तिच्या नवऱ्याला, अमेयला हसू फुटलं. बापाकडं बघून त्यानं ते गिळलं.

वैदेही काही जन्मापासून पाण्याची राखणदार नव्हती. कॉलेजात असताना शॉवर सोडून गाणी म्हणायची. पण लेक झाली ती दुष्काळात. टँकर आला नाही की दुपट्यांचा ढीग तसाच वास मारत पडायचा. आता टँकरचा हॉर्न तिला लेकीच्या रडण्याआधी ऐकू यायचा.

"आई, अमेयच्या वेळी तुम्ही कुठं पुजलीत?"

दमयंतीबाईंनी पदर सारखा केला. "खाली. ह्यांची गाडी उभी असते ना... तिथं."

तिथं विहीर होती! मागच्या दुष्काळात आटली. शहाणा माणूस आटलेल्या विहिरीतला गाळ काढतो. ही शिकलेली कॉलनी. दत्तोपंत चेअरमन. म्हणाले, डास होतात, बुजवा. मग ज्यानं ज्यानं घर नवं केलं त्यानं त्यानं जुना मलबा आणून तिच्या नरड्यात कोंबला. वरून सिमेंटचे गट्टू बसवले, पार्किंगचे पट्टे मारले. सावलीची जागा चेअरमनला. नंतर बरा पाऊस झाला, तो गट्टूंवरून घसरून गटारीला गेला. आणि आता हेच लोक बादल्या घेऊन टँकरमागं एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते.

वैदेही उठली. एका हातात लेक, एका हातात ताट. थेट खाली.

टँकरची रांग लागलेली होतीच. मागून घरचे धावत आले.

"बाबा, गाडी काढा."

"लोक बघताहेत, सूनबाई."

"बघू द्या. बादल्या घेऊन रोज बघतातच एकमेकांना."

"व्हय, तिथंच व्हती," रांगेतून तळमजल्यावरच्या मनकर्णाबाई ओरडल्या. "लई गोड पाणी! बुजवताना मी बोंबलले, तर म्हणले, म्हातारे, तुला काय कळतं."

"वैदू, वर चल. उगाच तमाशा नको," अमेय पुटपुटला.

"तुझ्या आईनं तुला पदरात घेऊन इथंच डोकं टेकलं. तो पण तमाशाच का?"

दत्तोपंतांचा आवाज चढला. "अगं, कोरडी होती ती! कोरडी विहीर काय चाटायची?"

"आटली म्हणून बुजवायची? उद्या माझं दूध आटलं तर मला पण बुजवा. वर गाडी लावा."

 टँकरची नळी बादलीबाहेर सांडत होती, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

दमयंतीबाई नवऱ्यासमोर आल्या. हात पुढं केला. "अहो, चावी द्या."

"तू पण?"

"मी पुजलेली विहीर बुजवलीत. मला विचारलंत?"

त्यांनी चावी दिली नाही. दमयंतीबाईंनी ती त्यांच्या शर्टाच्या खिशातून काढली आणि अमेयच्या हातावर ठेवली. "काढ."

गाडी मागं गेली. खाली तेलाचा काळा डाग. वैदेही उकिडवी बसली, डागावर हळद-कुंकू वाहिलं, पाच खडे मांडले, घुगऱ्या ठेवल्या. लेकीचं कपाळ गट्टूला टेकवलं. मग तिला सासूकडं दिलं.

"अमेय, डिकीतली टॉमी आण."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचाय?"

त्यानं ती लोखंडी कांब आणली. पहिला गट्टू निघेना. मनकर्णाबाईंनी कळशी खाली ठेवली आणि टॉमीवर आपलं वजन टाकलं. गट्टू उचकटला. खाली रेती आणि रेतीत गुलाबी टाइलचा तुकडा, पांढऱ्या फुलाचा.

दमयंतीबाई वाकल्या. "ही आपल्या न्हाणीतली," त्या हळूच म्हणाल्या.

दत्तोपंत दुसरीकडं बघायला लागले.

वैदेहीनं तुकडा पदरानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"धरा, बाबा. अजून लई निघणारेत."

आणि तिनं दुसऱ्या गट्टूखाली टॉमी घातली.