लवूभावोजींचं शेत आणि वणव्याची हद्द

ठाकूरद्वारला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं नकाशे गिरवले. म्हणून काळाचौकीच्या आमच्या गावमंडळाने वणव्याच्या नकाशाचं काम माझ्या गळ्यात घातलं. काम तसं सोपं. उपग्रहाच्या फोटोत जळलेला डोंगर काळा दिसतो, त्याच्या कडेने कॉम्प्युटरवर रेघ मारायची आणि तारीख टाकायची. नकाशा सगळ्यांचा, त्यामुळे इथे मारलेली रेघ गावातली माणसं लगेच मोबाइलवर बघतात.

यंदा ऐन शिमग्याच्या तोंडावर देवळामागचा डोंगर पेटला. मी दहा मिनिटांत हद्द आखली आणि ऐटीत चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी गावाहून फोन. माझ्या रेघेच्या आत लवूभावोजींचं शेतही आलं होतं. हे माझे धाकटे दीर. संपात गिरणी बंद पडली तेव्हा गावी गेले, ते तिथलेच झाले. गावाने नकाशा बघून ठरवलं, आग लवूच्याच शेतातून वर गेली. शनिवारी देवीची पालखी निघणार, तिला यंदा त्याने खांदा लावायचा नाही. अहो, पस्तीस वर्षं हा माणूस पालखीला खांदा देतोय!

शेत काळं होतं ते भाजावळीने, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. भात पेरायच्या आधी शेतात पालापाचोळा पसरून जाळतात, ती भाजावळ. माहेरी मीसुद्धा डोक्यावरून पाल्याचे भारे वाहिलेत. पण वरून भाजावळही काळी आणि वणवाही काळा, आणि मी शहाणीने दोन्हींभोवती एकच रेघ ओढली.

आमचे हे, गुणाजी, म्हणाले की गुपचूप पुसून टाक, कोणाला कळतंय. मी भडकलेच. पुसलं तर गाव म्हणणार, घरच्यांनी सांभाळून घेतलं. मंडळाच्या खोलीत बसून आधीचे फोटो धुंडाळले. डोंगर पेटण्याच्या चार दिवस आधीच शेत काळं झालेलं होतं. आणि वणव्यानंतरच्या फोटोत, चष्मा पुसून बघितलं तर, शेत आणि डोंगर यांच्यामध्ये काजूची रांग हिरवीगार उभी.

मी दोन वेगळ्या हद्दी आखल्या, दोन तारखा घातल्या. बदलाचं कारण लिहायला खाली जागा असते. तिथे लिहिलं: ‘भाजावळ आणि वणवा मी एकत्र धरले. चूक माझी. लवूंच्या शेतातून आग गेलेली नाही. – कमल.’

शनिवारी ते देवळासमोर मोठ्याने वाचलं म्हणे. दुपारी व्हिडिओ कॉल आला. ढोल वाजत होते आणि पालखी भावोजींच्या खांद्यावर नाचत होती. मग घामाघूम भावोजी फोनशी आले.

“वहिनी, खांदा मिळाला. पण तुम्ही सगळ्या गावासमोर नाव घालून चूक कबूल केलीत, तिथे मला रडू आलं.”

मलाही आलं. मी पदराने डोळे पुसत होते, तर बाजूने आमचे हे कुरकुरले, “तीस वर्षांच्या संसारात मला कधी असं लिहून दिलं नाहीस.”

मी म्हटलं, तशी वेळच आली नाही.