पाइपवरचे ठोके

"आवाजावर जाऊ नकोस हं," तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी सूनबाईला बजावलं होतं. "लोखंडी पाइप आहे तो. कुठूनही ठोका, सगळीकडे सारखाच वाजतो. तू आमच्या मधल्या मजल्यावर. दिवसातून एकदा खाली डोकाव, एकदा वर डोकाव. लांबूनच, पण तोंड बघ माणसाचं."

"हो हो," म्हणाली सूनबाई, आणि दार लोटून आतल्या बाजूने दाराची मूठ साबणाच्या फडक्याने पुसायला लागली.

एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं असं म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. सूनबाई कान देऊन ऐकणारी बाई होती. साथ सुरू झाल्यापासून ती वाचत होती, ऐकत होती, पडताळून बघत होती. दुधाच्या पिशव्या धुवायची, कांदे उन्हात ठेवायची, टिल्लीच्या कपाळाला दर घटकेला हात लावून बघायची. टिल्ली म्हणजे तिची वर्षाची मुलगी. नवरा जहाजावर स्वयंपाकी. त्याचं जहाज परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं आणि कोणी त्यांना उतरू देत नव्हतं. त्यामुळे सगळी भीती तिला एकटीलाच पुरवून खायची होती. तिने हवेची भीती धरली, जिन्याच्या कठड्याची धरली, स्वतःच्या तळहातांची धरली. जिना चढ-उतर करून तीन म्हाताऱ्यांची तोंडं बघणं मात्र तिच्या हिशेबात धोक्याच्या रकान्यात गेलं. आणि म्हाताऱ्यांनी तर आपली व्यवस्था स्वतःच करून ठेवली होती की!

व्यवस्था होती ती अशी. इमारतीत जिना एक आणि पाण्याचा पाइपही एक. तळापासून गच्चीपर्यंत तो सगळ्यांच्या स्वयंपाकघरातून, मोरीच्या कोपऱ्यातून वर चढलेला. तळाला नर्सबाई, निवृत्त, गुडघे गेलेल्या. पहिल्या मजल्यावर शिवणबाई. जन्म मशीनच्या खडखडाटात गेला, त्यामुळे कान जवळजवळ बंद. दुसऱ्यावर सूनबाई. तिसऱ्यावर आत्याबाई, सूनबाईच्या नवऱ्याची आत्या, जिच्यामुळे अख्खी इमारत हिला सूनबाई म्हणायची. आत्याबाई एके काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लोकांची बोलणी जोडून देण्यात त्यांची हयात गेली. आता काळजाचं दुखणं होतं आणि त्यांना जिना चढायला-उतरायला बंदी होती.

शिवणबाईंना फोन ऐकू यायचा नाही. म्हणून ही युक्ती आत्याबाईंनीच काढली. सकाळी पहिला चहा झाला की नर्सबाईंनी पाइपवर चमच्याने एक ठोका द्यायचा. शिवणबाईंनी पाइपला तळवा लावून बसायचं, हाताला थरथर जाणवली की दोन ठोके द्यायचे. मग वरून आत्याबाईंचे तीन. तिघी आहेत, तिघी उठल्यात, दिवस सुरू.

"माझाही एक ठोका धरा ना," सूनबाई एकदा म्हणाली होती.

"तुझी टिल्ली ठोकतेच की दिवसभर," वरून उत्तर आलं. "लेकुरवाळीने ऐकायचं फक्त."

ऑक्सिजन मोजायचं बोटात अडकवायचं यंत्र तिघींत एक. ते टोपलीत बसून दोरीने जिन्याच्या पोकळीतून वर-खाली फिरायचं. नर्सबाई खालून हाक द्यायच्या, "किती?"

"सत्त्याण्णव!" शिवणबाई ओरडायच्या. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या जिन्याला ऐकू जायचा. "शाळेत आख्ख्या जन्मात एवढे पडले नव्हते!"

"माझे पंच्याण्णव," आत्याबाई.

"काठावर पास! उद्या नखाचा रंग पुसून मोज, भवाने. या वयात रंग कोणाला दाखवतेस?" नर्सबाई खालून.

"यमाला. बघून तरी लाजेल मेला."

नर्सबाई गोळ्या लावून द्यायच्या, शिवणबाई जुन्या परकरांचे मास्क शिवायच्या, आत्याबाई फोनवरून तिघींचं वाणसामान मागवायच्या आणि दुकानदाराशी भांडायच्या. सूनबाई दाराच्या फटीतून ऐकायची. तिला वाटायचं, या तिघींना माझी काय गरज? उलट मीच यांच्या आधाराने उभी आहे.

मग एका दुपारी नर्सबाईंना न्यायला गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं, आणि त्यांच्या मधून नर्सबाई स्वतःच्या पायांनी चालत गेल्या, गुडघे धरत. सूनबाईने खिडकीतून पाहिलं. नर्सबाईंनी वर बघितलं नाही.

संध्याकाळी शिवणबाईंनी सूनबाईला खाली बोलावलं. त्यांच्या दाराला जाळीची खिडकी होती. जाळीआड उभ्या राहून त्यांनी वरच्या दिशेला बोट केलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं. जमेल तेवढ्या हळू बोलल्या. "आत्याबाईला सांगायचं नाही. तिची खिडकी मागच्या अंगाला, तिला दिसलेलं नसणार. हाय खाईल. तिचं काळीज आधीच ठिगळ लावल्यासारखं. सकाळचा तिचा एक ठोका मी देईन, माझे दोन पण मीच. परत येईपर्यंत रेटू."

सूनबाईने मान डोलावली. खोटं होतं, पण मायेचं होतं.

नर्सबाई परत आल्या नाहीत. रुग्णालयातून फोन आला, तो त्यांच्या दूरच्या भाच्याला. त्याने शेजारधर्म म्हणून सूनबाईला कळवलं. तिने ते शिवणबाईंना हातवाऱ्यांनी सांगितलं. मरणाला वेगळी खूण लागत नाही. शिवणबाई जाळीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तरीपण वाजवायचं. आता तर वाजवायलाच हवं."

आणि रोज सकाळी एक, दोन. वरून तीन.

पुढच्या आठवड्यात शिवणबाईंनी पुन्हा बोलावलं. या वेळी त्या जाळीपासून मागे, मशीनच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि आवाज घोगरा होता.

"घसा धरलाय. अंग मोडून आलंय. होईल बरं. तू आत येऊ नकोस हं, पोर आहे तुला. उद्या सकाळचे ठोके तेवढे तू दे. एक नि दोन. मी जरा पडून राहते."

सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिने बोटात यंत्र अडकवल्याची खूण केली.

"ते वर आहे, आत्याबाईकडे. मागितलंस की तिला कळेल. नको."

"पण..."

"सूनबाई, मी बहिरी आहे, आंधळी नाही. तुझा चेहरा दिसतोय मला. जा, पोरीला घे. भूक लागली तर सांगेन."

सूनबाईने मऊ भाताचा डबा दाराशी ठेवला. वर येऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. सकाळी तिनेच चमचा घेतला. एक. थांबून दोन. वरून तीन ठोके आले, ठाम, अगदी रोजच्यासारखे. तिला रडू आलं आणि हसूही. आत्याबाईंना ती फसवत होती, आणि फसवणूक जमत होती. खाली डबा रिकामा झालेला दिसला, तेव्हा तिने दुसरा ठेवला. थांबली नाही. जाळीतून बघितलं नाही. टिल्ली वरून किंचाळत होती.

त्याच संध्याकाळी टिल्लीला ताप भरला.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. इथे तर नुसत्या वाफेनेच तोंड पोळलं होतं. ताप कशाचा, दाताचा की *त्याचा*? सूनबाईने पोरीला खांद्यावरून खाली ठेवलं नाही. उजाडलं तेव्हा ती खुर्चीत बसून होती, टिल्ली छातीवर, आणि चमचा ओट्यावर, हातभर लांब. उठले तर ही उठेल. पाच मिनिटं, मग देते ठोके, असं ती मनाशी म्हणत होती.

तेवढ्यात पाइप वाजला. एक.

थोड्या वेळाने दोन.

मग तीन.

सूनबाईचा जीव भांड्यात पडला. शिवणबाई उठल्या! ताप उतरला म्हणायचा. स्वतःच्या हाताने ठोके दिले बाईने. तिने डोळे मिटले आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली, बसल्या जागीच. त्या दिवशी तिने खाली डबा नेला नाही. उठून बसलेली बाई आपल्यापुरतं करून खाईल, आणि तापाच्या पोराच्या आईने बऱ्या होत असलेल्या म्हातारीच्या दाराशी कशाला जावं? असा विचार तिने अगदी व्यवस्थित, शिकल्यासवरल्या बाईसारखा केला.

दुसऱ्या सकाळीही तसंच. एक, दोन, तीन.

दुपारी टिल्लीचा ताप गेला आणि हिरडीतून पांढरं टोक वर आलं. सूनबाईने सूप केलं, वाटीवर ताटली झाकली आणि पोरीला कडेवर घेऊन खाली गेली.

दाराशी परवाचा डबा होता. तसाच, झाकण लावलेला. झाकणावर मुंग्यांची रांग.

सूनबाईने जाळीला डोळा लावला. मशीन दिसलं, स्टूल आडवं पडलेलं दिसलं. खाट जागेवर नव्हती. ती ओढत मोरीच्या कोपऱ्याकडे नेलेली होती, पाइपपाशी. खाटेवर शिवणबाई कुशीवर होत्या. एक हात पाइपला टेकलेला. छाती हलत होती, पण कशी, तर जुनं मशीन दोरा अडकल्यावर हलतं तशी.

"शिवणबाई! अहो शिवणबाई!"

बहिऱ्या बाईला हाक मारत होती ती. टिल्ली घाबरून रडायला लागली. दार नुसतं लोटलेलं होतं. शिवणबाई कधी कडी लावायच्याच नाहीत; म्हणायच्या, उघडायला कोण यायचंय. सूनबाईने दार ढकललं आणि उंबऱ्यावर थांबली. कडेवर वर्षाची पोर. पाय आत पडेनात, मागे फिरेनात.

फोन काढून तिने वर लावला. "आत्याबाई, सकाळचे ठोके कोणी दिले?"

"का गं?"

"कोणी दिले?"

"मीच. काल पण, आज पण. खालून काही आलं नाही. म्हटलं, शिवणबाईला जरा डोळा लागला असेल, नर्सबाईचा ठोका पण तीच देत होती बिचारी..."

"तुम्हाला माहीत होतं? नर्सबाईंचं?"

"जाताना तिनेच फोन केला होता मला. म्हणाली, शिवणबाईला कळू देऊ नकोस, मी घाबरलेय ते." आत्याबाईंचा आवाज भराभर व्हायला लागला. "आणि टिल्लीचं रडणं ऐकू येत होतं मला. म्हटलं, पाइप मुका राहिला तर पोरीच्या जिवाला घोर लागेल. एक्स्चेंजमध्ये शिकवायचे आम्हाला, लाइन मुकी ठेवायची नाही, माणूस घाबरतं. म्हणून मीच सगळे दिले. पण शिवणबाईला तू बघतच होतीस ना? तू तर मधे आहेस."

सूनबाईची नजर दाराशी मुंग्या लागलेल्या डब्यावर गेली.

तीन मजल्यांत तीन बायका एकमेकींना सांभाळत होत्या, आणि ज्या पाइपने कोणी पडलं तर कळायचं, तो पाइप सगळ्यांनी मिळून गप्प बसवला होता. गप्पसुद्धा नाही. बोलता ठेवून.

वरून पावलं वाजली. जिना बंद असलेल्या आत्याबाई कठडा धरून उतरत होत्या, एका हातात ते यंत्र. प्रत्येक पायरीला थांबत, श्वास गोळा करत. पहिल्या मजल्यावर पोचल्या तेव्हा ओठ निळसर झाले होते.

"बाजूला हो."

"आत्याबाई, तुम्ही नका जाऊ आत. तुमचं हृदय..."

"मग कोण जाणार, तू? कडेवरची कोणाच्या हवाली करून?" त्यांनी सूनबाईला कोपराने मागे सारलं. "वर जा. गाडीला फोन लाव. लागेपर्यंत लाव."

त्या आत गेल्या. खाटेच्या कडेला बसल्या, शिवणबाईंचं बोट घेऊन यंत्रात घातलं. आकडा बघितला आणि मोठ्याने सांगितला नाही. मग पाइपला टेकलेल्या त्या तळव्यावर आपला तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या पेरांनी पाइपवर हळूच वाजवलं. तीन. शिवणबाईंच्या पापण्या हलल्या. तसं सूनबाईला वाटलं तरी.

गाडी दिवेलागणीला आली. पांढऱ्या पोशाखातल्याने विचारलं, "नातेवाईक कोण?"

"बहीण," आत्याबाई म्हणाल्या.

त्याने दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि कागदावर तसंच लिहून घेतलं.

बहिणीला फोन आला तो लवकरच आला, आणि त्यात नर्सबाईंच्या वेळच्या फोनपेक्षा नवं काही नव्हतं.

आता तळमजल्याला कुलूप आहे. पहिल्या मजल्यावर मशीनवर कापड झाकलंय, सूनबाईनेच, नाकातोंडाला शिवणबाईंनी शिवलेलं परकराचं फडकं बांधून. रोज सकाळी पाइप वाजतो. एक, दोन, तीन, तिन्ही वरूनच. सूनबाई टिल्लीला पाळण्यात बांधते आणि तरीही जिना चढते. आत्याबाई दार उघडतात, लांब सरकून खुर्चीत बसतात, आणि तोंड दाखवतात.

"ऐकलंस ना ठोके? मग कशाला तडमडलीस? पोर आहे तुला."

"नंबर सांगा."

"चौऱ्याण्णव."

दुसऱ्या दिवशी ब्याण्णव. आज त्यांनी यंत्र दाखवलंच नाही, मुठीत धरलं. म्हणाल्या, सेल संपलाय. बोलताना खोकल्या, आणि खोकला दाबायला हसल्या. नखांचा रंग उडाला होता, खालचं नख निळं होतं. सूनबाईने खाली येऊन रुग्णालयांना फोन लावायला घेतले. एकीकडे खाट नाही. दुसरीकडे उचलत नाहीत. तिसरीकडे नुसतं संगीत वाजतंय. लाइन मुकी नाही एवढंच.

तिला ठाऊक आहे, हे कुठे चाललंय. तरी उद्या ती जिना चढणार आहे, परवा चढणार आहे, दार उघडेनासं होईल त्या दिवशीही चढणार आहे.

तुमच्याकडे तिचं एकच मागणं आहे. तुमच्या वर, खाली, भिंतीपलीकडे कोणीतरी एकटी राहत असेल. तिचा रेडिओ लागतो, नळ सुटतो, भांडी वाजतात, म्हणून तुम्ही निश्चिंत असाल. आवाजावर जाऊ नका. हे खाली ठेवा, उठा, आणि तिचं दार वाजवा. ती "मी बरी आहे" म्हणाली तरी लगेच मागे फिरू नका. लांबूनच, पण तोंड बघा.