बुलेटचा खटका

त्या दिवशी सकाळी हणमंतप्पांची लिंगपूजा आटोपली आणि चहाची वाट न बघता ते थेट अंगणात बुलेटपाशी जाऊन उकिडवे बसले. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. कळंबच्या त्या गल्लीत ऊन अजून भिंतींच्या माथ्यावरच रेंगाळत होतं, खाली उतरलं नव्हतं. त्यांची लेक शिवरंजनी दोन कप घेऊन बाहेर आली तोवर त्यांनी कुरियरनं आलेलं खोकं फोडलंही होतं, आणि आतली वस्तू हातात धरून ते तिला उलटीपालटी करून बघत होते. आडतीच्या दुकानात उभी हयात त्यांनी हरभरा असाच तळहातावर घेऊन पाहिला होता.

वस्तू काही मोठी नव्हती. एक लोखंडी कडं आणि त्याला बोटभर लांबीचा खटका. ॲक्सिलेटरच्या मुठीशेजारी कडं आवळायचं. गाडी हव्या त्या वेगाला आली की खटका दाबायचा, मग मूठ आहे तिथंच राहते. हात काढला तरी गाडी चालत राहते. नव्या महागड्या गाड्यांत म्हणे हे काम आपोआप होतं. ही बुलेट शिवरंजनीपेक्षा वयानं मोठी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, आणि आपोआप होण्यासारखं तिच्यात काहीच नाही.

हा खटका मागवला होता शिवरंजनीच्या मनगटासाठी. निदान तसं ठरलं होतं. दिवसभर संगणकावर बसून पोरीचं मनगट धरतं, बुलेटची मूठ तिला जड जाते, असं हणमंतप्पा म्हणाले होते आणि तिनंही मान डोलावली होती. तिचं मनगट ठणठणीत होतं. मुंग्या यायच्या त्या अप्पांच्या उजव्या हाताला. येरमाळ्याच्या रस्त्यापर्यंत जायचं तर ते वाटेत दोनदा गाडी थांबवून, कुणी बघत नाही असं पाहून, हात झटकायचे. मागं बसलेल्या लेकीला ते दिसायचं. पण त्या घरात आपलं दुखणं दुसऱ्याच्या नावावर टाकायची रीत होती, आणि ती दोघंही निष्ठेनं पाळत होती.

तिचं इथं येऊन राहणंसुद्धा त्याच रीतीतलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या द्वारकाबाईंचा पुण्याला फोन आला होता, की अप्पा गाडीवरून पडले, लागलं फार नाही, पण जेवत नाहीत, दुकान तर बंदच केलंय, नुसते बसून असतात. शिवरंजनी एका प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करायची. तिनं राजीनामा दिला, दोन पेट्या भरल्या आणि कळंबला येऊन सांगितलं की ऑफिस बंद पडलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी तिला त्याच पावली परत पाठवलं असतं. बायको गेल्यापासून त्यांचा एकच हट्ट होता, आपल्यापायी कुणाचं काही अडू नये.

आणि झालं भलतंच. पोरीवर वेळ आली म्हटल्यावर हणमंतप्पा अंथरुणातून उठले. पहाटे बुलेट काढून दूध आणायला लागले. तिच्या खोलीला चुना दिला, तिच्या टेबलाखाली विटेचा तुकडा सरकवला, हुरड्याच्या दिवसांत कुठून कुठून हुरडा आणला. ती घरबसल्या मिळालेली हस्तलिखितं तपासत गप्प बसली की त्यांना वाटायचं, खचलीय. मग ते दारात उभे राहून गावातल्या गमती सांगायचे. तिची काळजी करता करता त्यांच्या अंगावर मांस चढलं. शिवरंजनीनं बरेचदा खरं सांगायचं मनात आणलं आणि दर वेळी त्यांचा तो उत्साह बघून गिळून टाकलं. ज्या दोरीला धरून माणूस वर येतोय, ती दोरी खरी का खोटी हे त्याला वर येतानाच कशाला सांगायचं?

तर खटका बसवायला दोघं बसली. मुठीचं जुनं रबर निघेना. साबणाचं पाणी सोडून, पेचकस आत घालून ते फिरवत फिरवत काढलं. कडं सैल होतं, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून खाली गुंडाळली. मग ते इतकं घट्ट बसलं की खटका न दाबताच मूठ अडकायला लागली.

"हे न्हाय चालायचं," हणमंतप्पा म्हणाले. "खटका सोडला की मूठ आपली आपण फिरली पाह्यजे. न थांबणारी गाडी आन् न हलणारा पाहुणा, दोन्ही घातकी."

पट्टी पुन्हा काढली, निम्मी केली. शेवटी आवळताना त्यांनी खटक्याचं तोंड आतल्या बाजूला, टाकीकडं वळवलं. तसा तो उजव्या अंगठ्याला लागत नव्हता. डावा हात आडवा नेला तरच लागत होता. शिवरंजनीनं ते पाहिलं. उजव्या अंगठ्यात जोर नसलेल्या माणसालाच तो तसा हवा असणार. तिनं पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

"असंच बरं दिसतंय," ते म्हणाले.

"व्हय अप्पा. असंच बरं."

गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन त्यांनी तो एकदा तपासला आणि दुपार कलल्यावर म्हणाले, आता तू चालव, मी मागं बसतो. हणमंतप्पा आपल्याच गाडीवर मागं बसल्याचं गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या द्वारकाबाई बोलल्याशिवाय राहतात होय?

"काय वो अप्पा, मागं बसून कुठं? नवरीवानी सासरी निघालाव का?"

"ड्रायवर ठेवलाय," अप्पा म्हणाले. "पगार मागत न्हाय म्हणून ठेवलाय."

ढोकीच्या रस्त्याला लागल्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग मागं पडली आणि रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवून उभी होती. कणसं पांढुरकी, ऊन तिरपं. वाऱ्यावर कुठून तरी मळीचा गोडसर, आंबूस वास येत होता. शिवरंजनीनं वेग धरला, डावा हात आडवा नेऊन खटका दाबला आणि तो परत आपल्या मुठीवर आणला.

"सोड," मागून अप्पा म्हणाले.

तिनं उजवा हात उचलला. काहीच झालं नाही. गाडी आपल्या ठेक्यात चालत राहिली. संथ पाण्यात सोडलेला द्रोण जसा कुणी न ढकलता पुढं जातो, तशी. हात हवेत कुठं ठेवायचा हे तिला कळेना. तिनं तो थोडा बाजूला धरला, तर बोटांमधून वारा वाहायला लागला, थंड आणि मऊ. ज्वारीवरून त्यांची सावली पळत होती. कणसांवर चढत होती, बांधावरून उतरत होती, आणि तिला कळलं की सावलीतल्या मागच्या माणसानंही दोन्ही हात पसरले आहेत. रस्ता, सावली, ऊन, सगळं आपापलं चाललं होतं. कुणी काही धरून ठेवलेलं नव्हतं. एका क्षणी तर तिला वाटलं, आपण दोघं कुठंच जात नाही आहोत; शेतंच पाठीमागं वाहत चालली आहेत.

ती मोठ्यानं हसली. कारण काही नव्हतं.

संध्याकाळी ते बराच वेळ फोनवर होते, तिच्या मामांशी. मामा, कल्याणप्पा, आळंदच्या वाटेवरच्या एका गावात राहायचे आणि त्यांच्याशी बोलताना अप्पा कानडीत शिरायचे. ती शिवरंजनीच्या आईची भाषा. तिला ऐकायला गोड वाटायची, समजायची थोडी. 'हुडगी' एवढा शब्द कानावर आला. म्हणजे पोरगी. आपल्याबद्दलच काही असणार, असं म्हणून ती भाकरी थापायला वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतप्पा पूजेला बसले ते उठले नाहीत. पाठ भिंतीला टेकलेली, डाव्या तळहातावर लिंग, नजर खाली. चहा झालाय हे सांगायला शिवरंजनी दारापर्यंत आली आणि परत गेली. पुन्हा आली, पुन्हा परत गेली. लिंगपूजेत बोलू नये, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवूनच नेलं. ढोकीच्या रस्त्यालगत त्यांचं शेत आहे. बायकोची समाधी तिथंच, तिच्या शेजारी खड्डा घेतला. जंगमांनी मंत्र म्हटले, विभूती आणि बेल वाहिला. खाली उतरवताना त्यांचा उजवा हात मांडीवर उघडा पडला होता, आणि तो तसाच राहू द्या, असं शिवरंजनी म्हणाली.

मग माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण तिच्या डोक्यावरून हात फिरवून तेच बोलायचा. आधी बिचारीची नोकरी गेली, आता आधार गेला. ती पाणी द्यायची, चहा द्यायची. कुणाला काय सांगणार? सांगावं तर दोन वर्षं त्या म्हाताऱ्यानं गावभर जी काळजी वाहिली ती हसण्यावारी जाणार. मेलेल्या माणसाला आपण असं वेड्यात काढू नये, असं तिला वाटत होतं.

सगळे पांगले तरी कल्याणप्पा मामा थांबले. एके दुपारी ते ओसरीवर बसले होते, अंगणात बुलेट उभी होती, तिच्यावर धूळ बसली होती. मामा तिच्याकडंच बघत होते.

"रंजव्वा, दाजी त्या दिवशी फोनवर काय म्हणाले, सांगू का? तुला ठाऊक असलंच पाह्यजे."

ती थांबली.

"म्हणाले, पोरगी हसली रं आज. आल्यापास्नं पहिल्यांदा. हात सोडून बुलेट चालवली तिनं. आता ती उभी राहिली. तिला उभी केल्याबिगर मला हलायला परवानगी नव्हती, आता माझं काम झालं." मामांनी डोळे पुसले. "समाधानानं गेले बघ. तुझीच चिंता होती."

शिवरंजनीनं विचारलं, मामा, चहा ठेवू का. आणि आत जाऊन ती चुलीपाशी नुसती उभी राहिली. एखाद्या हस्तलिखितात हे वाक्य आलं असतं तर तिनं समासात पेन्सिलीनं लिहिलं असतं, फार जुळून आलंय, काढावं. पण इथं समास नव्हता. एखादं माणूस काम संपलं म्हणून जात नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. हृदय बंद पडतं, एवढंच. तरी रात्रंदिवस तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली, की मी त्या दुपारी हसले नसते तर त्यांना अजून थोडं काम उरलं असतं. आणि ज्या दुःखातून बाहेर काढलं म्हणून ते निर्धास्त झाले, ते दुःख तर मुळात नव्हतंच.

महिनाभरानं मामा गावी गेले, त्या दिवशी दुपारी तिनं फडकं घेऊन बुलेट पुसली. किक बसेना. पाय घसरला, नडगीला लागलं, मग एका किकला गाडी अशी चालू झाली की जणू कालच कुणी बंद केली होती. द्वारकाबाई दारातच होत्या. त्यांनी नुसता पदर डोक्यावर ओढून घेतला.

रस्ता तोच होता, पण ज्वारी काढून झाली होती. दोन्हीकडं नुसती धसकटं, आणि त्यांच्यावर फिकट, दुधाळ ऊन. सरळ पट्टा आला तसा तिनं उजवा अंगठा खटक्याकडं नेला. तो पोचला नाही. मग डावा हात आडवा नेला, अप्पांनी ठेवला होता तसाच, आणि उजवा हात काढून घेतला. गाडी चालत राहिली. वारा बोटांतून वाहत राहिला. मागं कुणी नाही हे तिला कळत होतं आणि तरी मागची सीट रिकामी वाटत नव्हती. गाडी तेवढ्याच वजनानं, तेवढ्याच संथपणे चालल्यासारखी वाटत होती. तिला बोलायचं होतं. ओठ हलले, पण इंजिनाच्या धडधडीत आपलाच आवाज तिला ऐकू येईना, आणि असं न ऐकू येणारं बोलणं तर ती दोन वर्षं बोलतच आली होती.

शेताच्या बांधापाशी तिनं खटका सोडला, गाडी उतरवली आणि बंद केली. इतकं शांत झालं की तापलेल्या सायलेन्सरचा टिकटिक आवाज येऊ लागला. ती चप्पल काढून आत गेली. आईच्या समाधीवर गवत होतं, शेजारची माती अजून उघडी होती. ती मातीपुढं बसली, त्यांना खाली जसं बसवलं होतं तशीच, त्यांच्या समोरासमोर.

"अप्पा, ऑफिस बंद पडलं नव्हतं," ती म्हणाली. "ते अजून चालू आहे. मीच सोडून आले. तुम्ही पडलात, जेवत नाही, हे कळलं आणि आले."

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. तो दूर जाईपर्यंत ती थांबली.

"मी खचले नव्हते, अप्पा. तुम्ही मला उभी करत होतात, म्हणून मी बसून राहिले. मला लई बरं वाटत होतं. अजून बसायचं होतं मला."